मागच्या बाजूची पाटी

माझ्या खिशात तळहाताएवढं एक यंत्र असतं. दिव्याच्या पाटीसमोर धरलं की ती किती उजळ आहे याचा आकडा दाखवतं. त्या आकड्यावर पाटी भिंतीवर राहते, नाहीतर उतरते. बावीस वर्षं नगरपालिकेत मी हेच करतोय. नियमावर बोट ठेवणारा माणूस अशी माझी ख्याती आहे, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मी टेंभाही मिरवला.

शहराच्या कडेला ऑफिसांच्या काचेच्या इमारती आहेत. त्यांतल्या एका सहामजली इमारतीत वरचे पाच मजले एका बड्या कंपनीचे, आणि तळमजल्यावर मागच्या बाजूला दोन खोल्यांत माझ्या धाकट्या बहिणीचं फिजिओथेरपीचं क्लिनिक. दार पार्किंगकडे. माणसं यायची ती काम सुटल्यावर, अंधार पडल्यावर. सुरुवातीला दार न सापडून बिचारी गाड्यांमधून दोन चकरा मारून घरी निघून जायची. मग तिने दारावर हातभर लांबीची दिव्याची पाटी लावली आणि सहा महिन्यांत तिचं बस्तान बसलं.

पलीकडच्या घरांतून तक्रारी आल्या, पाट्यांच्या उजेडाने झोप लागत नाही म्हणून. तक्रार होती कंपनीच्या दोन पुरुष उंच अक्षरांची, पण तपासणी निघाली सगळ्यांची. मर्यादेपेक्षा आकडा वर गेला तर पाटी उतरवायची, आणि वर्षभर नवी परवानगी नाही.

आता आमच्या खात्याची रीत सांगतो. तपासणीच्या तीन दिवस आधी आम्ही पत्र पाठवतो. पत्र मिळालं की त्यांचा वायरमन उजेड कमी करतो, आम्ही मोजतो, शेरा मारतो, आणि दुसऱ्या दिवशी उजेड पुन्हा होता तिथे. हे त्यांना माहीत, आम्हाला माहीत. कोणी कोणाला विचारत नाही.

यादीत चौदा पाट्या होत्या. मी तेरा पत्रं पाठवली. बहिणीला आधीच कळवलं असं उद्या कोणी म्हणायला नको, म्हणून तिचं पत्र मी लिहिलंच नाही.

मी गेलो तेव्हा ती कोणाचा तरी गुडघा वाकवत होती. काचेतून मला बघितलं आणि दार ओढून घेत बाहेर आली.

"दादा, तू? आत ये ना."

"आधी काम," म्हटलं, आणि यंत्र वर धरलं. आकडा मर्यादेच्या वर होता. जरासाच.

"जास्त आहे का? मागे बटण आहे, थांब, कमी करते."

"आता नोंद झाली," मी म्हणालो. खरं तर पेनाचं टोपणसुद्धा मी अजून काढलं नव्हतं.

ती पुन्हा आत पेशंटकडे गेली. त्याच संध्याकाळी कंपनीची पाटी मोजली. अगदी गरीब गाय झाली होती. पास केली.

बहिणीची पाटी उतरली आणि पुन्हा त्या गाड्यांमधल्या चकरा सुरू झाल्या. जुने पेशंट बरे होऊन गेले, नवे येईनात. दहाव्या महिन्यात तिने जागा सोडली. कंपनीने त्या दोन खोल्या घेतल्या आणि त्यांत मोडक्या खुर्च्या भरल्या.

पुढच्याच महिन्यात कंपनीचा अर्ज माझ्या टेबलावर आला. इमारतीत एकच भाडेकरू असेल तर चारही बाजूंना पाटी लावता येते, असा नियम आहे. आता भाडेकरू एकच होता. त्यांना मागच्या भिंतीवर पाटी हवी होती, तिच्या दाराच्या बरोबर वर. मी अर्ज तीनदा वाचला. एक खोट सापडावी म्हणून जीव टांगणीला लागला होता. कागद चोख होते. सही केली.

तिला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून तिच्या घरी गेलो. ती आता घरोघर जाऊन व्यायाम करून घेते. पिशवीत रबरी पट्टे भरत होती. मी सांगितलं. ती भरतच राहिली.

"बाकीच्यांना पत्र गेलं होतं ना?" तिने विचारलं.

"हो."

"आणि मला नाही."

"अगं, माझी बहीण म्हणून तुला सवलत दिली असं लोक म्हणाले असते. साहेबांसमोर मान खाली गेली असती माझी."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"कोण म्हणालं असतं, दादा? मी तुझी बहीण आहे हे तिथे कोणाला माहीतच नव्हतं. आडनाव सासरचं. तुला अडचण नको म्हणून मी तीन वर्षं कोणाला बोलले नाही."

तिने पिशवीची चेन ओढली, चपला घातल्या आणि मला म्हणाली, "चल, मला कुलूप लावायचंय."