मस्टँगची मागची सीट

"सांगून उपयोग नाही. तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही," असं म्हणत ऑर्विन टॅगर्टने खुर्ची पुढे ओढली. म्हणजे आता तो सांगणार हे ठरलंच.

"मग नको सांगूस," ड्वेन म्हणाला. "माझी ग्रेव्ही थिजतेय."

सोमवारची सकाळ होती. इडेला पेनरच्या कॅफेत खिडकीजवळच्या टेबलाशी मिलर्स बेंड गावातली रिकामटेकडी म्हातारी मंडळी नेहमीसारखी जमली होती. शनिवारी गावाबाहेरच्या धावपट्टीवर विमानांचा मेळा झाला होता, त्यामुळे बोलायला आठवडाभराची शिदोरी होती. पण ऑर्विन तोंड उघडेपर्यंत कुणी विमानाचा विषय काढला नव्हता. यंदाची गोष्ट सांगायचा मान त्याचा होता.

ऑर्विन काही वैमानिक नव्हे. उभा जन्म धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळण्यात गेला. सुटीच्या दिवशी मात्र तो लॉयल श्रागच्या मस्टँगच्या पोटाखाली उताणा पडून गळलेलं तेल पुसत असायचा. दुसऱ्या महायुद्धातलं ते विमान तेल पिण्यापेक्षा गाळायचंच जास्त. दरवर्षी मेळ्याचा शेवट व्हायचा तो मस्टँग आणि हवाई दलाचं आजचं एखादं जेट यांच्या जोडीनं. पंखाला पंख भिडवून दोघं माणसांच्या डोक्यावरून जायची. त्यात पुढे राहायचा मान म्हाताऱ्या विमानाचा. मस्टँग जीव खाऊन पळायचं, आणि जेट बिचारं नाक वर करून, पोट खाली सोडून, कसंबसं हळू चालायचं. आजोबांबरोबर बाजाराला निघालेल्या नातवासारखं.

मस्टँगमध्ये लॉयलच्या पाठीमागे एक सीट होती. सरावाच्या उड्डाणात तिच्यावर दरवर्षी कुणीतरी बडा देणगीदार बसायचा. तीस वर्षं ऑर्विनने त्या देणगीदारांचे पट्टे आवळले, त्यांच्या ओकाऱ्याही पुसल्या. यंदा लॉयल उडणं थांबवणार होता, विमान कॅलिफोर्नियातल्या एका संग्रहालयाने घेतलं होतं. वसंतातच लॉयल म्हणाला होता, "या खेपेला मागची सीट तुझी. पुन्हा नाही मिळायची." त्या दिवसापासून ऑर्विनने गावाचे कान किटवले होते.

"तर शुक्रवारी सरावाला," ऑर्विन म्हणाला, "आम्ही वर गेलो. उजव्या पंखाशी आपली मार्ली, तिचं एफ-सोळा घेऊन."

इडेला शेजारच्या टेबलावर कॉफी ओतत होती. तिने मान वळवली नाही. मार्ली तिचीच मुलगी.

"एवढ्यात इंजिनानं तेलाची पिचकारी मारली. समोरची काच काळीकुट्ट. लॉयल म्हणतो, ऑर्विन, मला काही दिसत नाही. म्हटलं, आयुष्यभर मी दुसरं केलंय काय? काढला खिशातला फडका, सरकवली वरची काच, आणि कंबरेपर्यंत बाहेर."

"ताशी तीनशे मैलांच्या वाऱ्यात," निवृत्त पोस्टमास्तर रोलंड म्हणाला.

"साडेतीनशे. वारा असा की तोंड मिटेना. आणि माझी कवळी गेली."

"गेली म्हणजे?"

"उडाली. वरची आणि खालची, दोन्ही. खाली गव्हाची शेतं, शोधणार कुठं? पण त्या पोरीची नजर बघा. तिनं जेट तिरकं केलं, सूं करत खाली गेली, विमानाच्या नाकावर माझी कवळी अलगद झेलली आणि पुन्हा पंखाशी आणून दिली. मी हात लांब करून घेतली."

"दात तर तुझ्या तोंडात आहेत," ड्वेन म्हणाला.

"तेच सांगतोय ना. परत दिले म्हणून तर आहेत."

टेबल हसून हसून बेजार झालं. रोलंडला ठसका लागला. पण कुणी त्याला खोटं पाडलं नाही. शुक्रवारी या सगळ्यांनी रस्त्याकडेला गाड्या थांबवून ती जोडी पाहिली होती, आणि मागच्या सीटवर हेल्मेट घातलेलं कुणीतरी होतं यात शंका नव्हती.

ऑर्विन हसला, पण त्याचं अर्धं लक्ष इडेलाच्या पाठीकडे होतं. कारण ते हेल्मेट कुणाच्या डोक्यावर होतं हे या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

मार्ली हवाई दलात निघाली तेव्हा इडेलाने चुलीपाशी उभ्यानं सांगितलं होतं, त्या यंत्रात बसणार असशील तर माझ्या दारात येऊ नकोस. पोरगी हट्टात आईवर गेलेली. ती आली नाही. यंदा मेळ्याला आली ती हवाई दलाच्या हुकमाने, आणि उतरली धावपट्टीजवळच्या मोटेलात. गुरुवारी दुपारी कॅफे रिकामा असताना इडेला फडक्याने एकच कोपरा घासत राहिली आणि म्हणाली, "तिथून चेहरा दिसतो म्हणे. शेजारच्या विमानातला."

"दिसतो," ऑर्विन म्हणाला. आणि पुढचं वाक्य तोंडातून निघेपर्यंत त्यालाही ठाऊक नव्हतं. "तू जा माझ्या सीटवर, इडेला. माझं वजन जास्त आहे तसंही."

तिने एकच अट घातली होती. गावाला कळता कामा नये. पोरीनं मान फिरवली तर ते तिचं तिला पुरे होतं, त्यावर खिडकीजवळच्या टेबलाची चर्चा नको होती.

म्हणून शुक्रवारी, आपण वर आहोत असं गावाला वाटावं यासाठी, ऑर्विन अवजारांच्या खोलीत दार लावून तेलाच्या रिकाम्या पिंपावर बसून राहिला. जोडी डोक्यावरून गेली ती त्याने फक्त ऐकली. आधी म्हाताऱ्या मस्टँगचा खर्जातला घोगरा सूर, त्याच्याआडून जेटची दाबून धरलेली डरकाळी. खोलीचे पत्रे थरथरले. त्याने डोळे मिटून घेतले, तेवढंच.

विमान उतरल्यावर इडेलाने हेल्मेट त्याच्या हातात दिलं. डोळे लाल होते, पण वाऱ्यानेही होतात. ती लगेच गाडीत बसून निघून गेली. शनिवारी आणि रविवारी कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. काल मार्ली विमान घेऊन तळावर परत गेलीसुद्धा. पोरीनं आईकडे पाहिलं की नाही, हे ऑर्विनला अजून कळलं नव्हतं. आपली सीट सत्कारणी लागली की वाया गेली, या विचाराने तीन दिवस त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

"मग? कवळी मिळाली, पुढं काय?" रोलंडने डोळे पुसत विचारलं.

इडेला आता याच टेबलाशी आली होती. ड्वेनच्या कपात कॉफी पडत होती. ऑर्विनने आवाज जरा चढवला.

"पुढं काय, वळायची वेळ झाली. जोडी फुटायच्या आधी त्या पोरीनं माझ्याकडं वळून बघितलं. चेहरा एकदम गंभीर. आणि असा कडक सलाम ठोकला मला, की विचारू नका."

कॉफीची धार थांबली.

"सलाम नाही ठोकला," इडेला म्हणाली.

"तुला गं काय ठाऊक?" ड्वेन म्हणाला. "तू इथं भांडी घासत होतीस."

इडेलाने कॉफीचं भांडं टेबलावर ठेवलं, एप्रनला हात पुसले. गाल तांबडे झाले होते.

"तिनं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क खाली ओढला आणि जीभ काढून दाखवली. शाळेच्या बसमधून मला दाखवायची ना, अगदी तश्शी. मग मीही दाखवली. मागच्या सीटवर मी होते, ड्वेन. ऑर्विन पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटं बोलतायत."