खिंडीत न उघडलेली कडी

पायात बूट, बुटाखाली मी आणि माझ्याखाली स्की. मित्रांनो, एवढीच माझी जागा. लोक मला अडॅप्टर म्हणतात. मी डाव्या पायाचा, आणि उजव्या पायाचा तो माझा भाऊ.

उतारावरून सुसाट घसरायची जी जड स्की असते, तिच्यावर बुटाची टाच घट्ट आवळलेली असते. टाच उचलता येत नाही, म्हणून चढताही येत नाही. आम्ही मध्ये बसलो की टाच मोकळी होते आणि माणूस पावलं टाकत चढू लागतो. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवल्या की ती मागे घसरत नाही. वर पोचल्यावर पट्ट्या सोलायच्या, आम्हाला काढून पाठपिशवीत टाकायचं आणि बूट थेट स्कीवर आवळून खाली यायचं. चढताना आम्ही कामाचे, उतरताना नुसतं ओझं.

टिरोल नावाच्या डोंगराळ मुलखातल्या एका लहानशा कारखान्यात आमचा जन्म झाला. तिथे शेवटी हात फिरवणारी एक बाई होती. ती प्रत्येकाची बिजागरी कानाशी धरून हलवायची आणि कुरकुरणाऱ्याला बाजूला टाकायची. आम्ही कुरकुरलो नाही.

ग्रीसबाख गावच्या कासियानने आम्हाला घेतलं. हिवाळाभर तो गावच्या उडनखटोल्यावर पर्यटकांना खुर्चीत बसवून वर पाठवायचा. तरुणपणी तो शर्यतीत उतरत असे आणि त्या शर्यतीची लांब, जड स्की त्याच्या काळजाचा तुकडा होती. गावातल्या बाकीच्यांनी डोंगर चढायला हलकी स्की घेतली, पण कासियान हटला नाही.

पहिल्याच दिवशी पाववाला गेबहार्ट दुकानाच्या दारातून आमच्याकडे बघून म्हणाला, "काय रे कासियान, एवढ्या उंच टाचा? डोंगरावर चाललास की नाचायला?"

"खाली येताना बघ," कासियान म्हणाला. "तुझी ती काडीसारखी स्की थरथरेल आणि माझी रेषा मारून येईल."

आणि खरंच तो रेषा मारून यायचा. पहिली तीन वर्षं त्याने आम्हाला जपलं. घरी आला की फडक्याने पुसायचा, चुलीजवळ वाळवायचा, आम्हाला बुटाशी जखडणाऱ्या कडीला तेलाचा थेंब द्यायचा. मग ते थेंब विसरले गेले. ओल्या अंगाने आम्ही तळघरात बटाट्यांच्या पोत्याशेजारी पडून राहू लागलो. माझ्या कडीच्या स्प्रिंगवर तांबूस पावडर जमली. मला ती जाणवत होती, मित्रांनो, पण लोखंडाला हाक मारता येत नाही.

त्या एप्रिलमध्ये कासियानची थोरली बहीण बुर्गल त्याला मेंढ्यांच्या खिंडीत घेऊन निघाली. बुर्गल गावच्या बचाव पथकात होती. वसंतातला बर्फ रात्री दगडासारखा गोठतो आणि ऊन चढलं की पिठल्यासारखा सैल होऊन उतारावरून कोसळू लागतो. म्हणून तिने सांगून ठेवलं होतं, "दहाला आपण खिंडीतून खाली निघालेलं असायचं. सव्वादहा नाही."

सकाळी वाटेत ओढा लागला. पूल होता, पण तो दोनशे पावलं लांब. कासियान तसाच पाण्यात उतरला. पाणी माझ्या कडीत शिरलं. पुढचा चढ सावलीतला होता आणि वारा बोचरा. ते पाणी माझ्या पोटात हळूहळू दगड झालं.

तो दर पावलाला आमचं आणि स्कीचं वजन उचलत होता. बुर्गल पुढे जाऊन थांबायची, तो पोचला की पुन्हा निघायची. तिला विसावा मिळायचा, त्याला नाही. नऊ वाजता ती म्हणाली, "मागे फिरू या का?"

"अगं, खिंड समोर दिसतेय."

"दिसतेय ती गेली पन्नास मिनिटं."

"तुला वाटत असेल तर तू फीर."

बुर्गलने घड्याळ बघितलं, मग त्याच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ती पुढे निघाली. उताराच्या पोटात बर्फाचा थर खचला आणि एकदा 'हुंफ' असा आवाज आला, झोपेत कोणी कूस बदलावी तसा. दोघंही थबकली, मग पुन्हा पावलं टाकू लागली.

खिंडीत पोचायला पावणेअकरा वाजले. बुर्गलने पटकन पट्ट्या सोलल्या. "मी त्या काळ्या खडकाआड थांबते. मी हात वर केला की तू नीघ," असं सांगून ती उतरली. खडकाशी पोचून तिने हात वर केला आणि ती आडोशाला गेली.

कासियानने उजवी कडी उघडली. भाऊ सुटला आणि पिशवीत गेला. मग त्याने मला हात घातला. मी उघडलो नाही. त्याने काठीच्या टोकाने ठोकलं, हातमोजा काढून तळव्याची ऊब दिली, थर्मासमधला चहा ओतला. बर्फ थोडा वितळला, पण गंजलेली स्प्रिंग सरकेना. दहा मिनिटं गेली, मग वीस. समोरचा उतार उन्हात चकाकत होता आणि त्यावरून लिंबाएवढे गोळे आपोआप घरंगळू लागले होते.

खडकाआडून बुर्गलला तो दिसत नव्हता. काय झालं ते बघायला ती चार पावलं उघड्यावर आली.

शेवटी त्याने मला तसंच बुटाखाली ठेवून स्कीवर बसवलं. उजवी टाच आवळलेली, डावी मोकळी. तिसऱ्या वळणावर मी त्याच्या वजनाखाली वाकलो, डावी टाच उचलली गेली आणि तो आडवा पडला. त्याच्या पडण्याने बर्फ सुटला. आधी टेबलाएवढा, मग अंगणाएवढा, मग सगळा उतार. तो वरच राहिला. बर्फ बुर्गलवर गेला.

त्याने स्की सोडली आणि पळत सुटला. मी त्याच्या डाव्या बुटाला चिकटलेलो, दर पावलाला दगडांवर आपटत होतो. बुर्गलच्या अंगावरच्या यंत्राचा माग काढणाऱ्या शोधयंत्राची पिपाणी जलद झाली तिथे तो गुडघ्यांवर बसला, लांब सळई खुपसू लागला. पाचव्यांदा सळई मऊ कशाला तरी लागली. तो फावड्याने खणू लागला. तोंडाने एकच म्हणत होता, "बुर्गल, ऐक. बुर्गल, ऐक."

ती सापडली तेव्हा तिचे ओठ जांभळे पडले होते. त्याने तिच्या तोंडातला बर्फ बोटांनी काढला. बराच वेळ काही झालं नाही. मग ती खोकली.

हेलिकॉप्टरने तिला नेलं. गुडघा मोडला होता, बरगड्याही. गावात जो विचारेल त्याला कासियान सांगायचा, "कडी अडकली. त्या अडॅप्टरने घात केला." पाचव्या दिवशी तो मला पिशवीत घालून दवाखान्यात गेला आणि त्याने मला बुर्गलपुढे धरलं. "बघ, हाच तो."

बुर्गलने मला हातात घेतलं, कडीवर अंगठा फिरवला. अंगठा तांबडा झाला.

"कडी पावणेअकराला अडकली," ती म्हणाली. "उशीर नऊलाच झाला होता. आणि नऊला मला कळत होतं रे. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले. पुन्हा नाही बसणार."

कासियानने मला पुन्हा पिशवीत ठेवलं. त्यानंतर त्याने माझं नाव घेणं सोडलं.

मित्रांनो, माझा दोष जेवढा आहे तेवढा माझ्या पदरात घाला. मला वाळवा, तेल द्या, निघण्याआधी कडी दोनदा उघडून बघा. पण घड्याळात वाजलेले दहा मला बदलता येत नाहीत, आणि बरोबरच्या माणसाला "परत फिरू" असं दुसऱ्यांदा सांगणंही माझ्या हाती नाही. ते तुमच्याच हाती आहे.

पुढच्या एप्रिलमध्ये कासियानने माझी स्प्रिंग बदलली आणि तो पुन्हा मेंढ्यांच्या खिंडीकडे निघाला, एकटा नाही, गेबहार्टबरोबर. दहाला खिंड दोनशे मीटर वर होती. बर्फ कडक वाटत होता, आभाळ स्वच्छ होतं. कासियान थांबला, वाकला आणि त्याने माझी कडी उघडली.

"अरे, आता? एवढ्याशासाठी?" गेबहार्ट म्हणाला.

"दहा वाजले."

तो उतार त्या दिवशी कोसळला नाही. दिवसभर तसाच उन्हात उभा राहिला. कासियान तेव्हा घरी, काठी टेकत आलेल्या बुर्गलसाठी बटाटे सोलत बसला होता.