नऊच्या ठोक्याची गंगू

या, बसा असं पंख्याखाली. चहा येईस्तोवर एका घड्याळाची गोष्ट सांगतो. खोटं बोलायचं ते. आणि खोटं तरी कसं? तीनशे माणसांत एकाच बाईच्या नावानं!

बाहेरच्या कंपन्यांना सरकारनं दार उघडलं ना, त्या त्र्याण्णव-चौऱ्याण्णवातली गोष्ट. नारायणगुड्यात मुकुंदरावांचं हापिस होतं, जिन्यावरच्या दोन खोल्या. हजेरीची मशीनं बनवायचे. कार्ड घातलं की मशीन ते आत ओढून वर वेळ छापायचं. मशीनच्या आतली अक्कल, म्हणजे तो प्रोग्राम, लिहायची त्रिवेणी. काचीगुड्याची पोरगी, लूनावर यायची.

एक दिवस जिना चढून गंगू आली. विद्यानगरच्या पल्याड बटणांच्या कारखान्यात पॅकिंगला होती ती. धापा टाकत म्हणाली,

"मशीनवाली तूच का गं?"

"हौ, मावशी. काय झालं?"

"तुझं मशीन माझ्यावर का उठलंय, ते सांग आधी."

कार्ड पुढं केलं. महिन्यात दोनदा नऊ एकोणसाठ. गंगू म्हणते नवाला आले, कारखान्याचा साहेब म्हणतो मशीनचं काय तुझ्याशी वैर आहे? आणखी एकदा असं छापलं तर घरी बस म्हणाला. सोळा वर्षांची नोकरी बघा.

आतून मुकुंदराव ओरडले, "मशीन बरोबर आहे! झोपून राहिली असंल."

"झोपायला गादी तुम्हीच पाठवली होती का, रावसाहेब?"

त्रिवेणीला हसू आलं, पण डोळे कार्डावरच. उशीर करणारा माणूस कधी नऊ वीसला येईल, कधी पावणेदहाला. ही दोन्ही वेळा नेमकी नऊ एकोणसाठलाच कशी? तिनं हापिसातल्या मशीनमध्ये पन्नासदा कार्ड घालून पाहिलं. सगळं बरोबर! आता तर तिला चैनच पडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी कारखान्यावर गेली. बाकीची माणसं पावणेनऊलाच कार्ड छापून आत. गंगू एकटी मशीनपुढं उभी, कार्ड फटीशी धरून, नजर आकड्यांवर.

"घाल की मावशी. चार मिनिटं आधी आलीस."

"नक्को. आमचे जुने मुकादम होते, नवाच्या आधी अंगठा लावला की हाताला धरून मागं सारायचे. नऊ म्हणजे नऊ."

आठ एकोणसाठ झाले. सत्तावन्न सेकंद, अठ्ठावन्न, एकोणसाठ... गंगू कार्ड सारणार, तोच त्रिवेणीनं तिचा हात धरला.

"अगं सोड! उशीर करायलीस मला!"

"दोन सेकंद, मावशी. हां, आता घाल."

नऊ शून्य शून्य. गंगूनं तिच्याकडं असं बघितलं, की वेड लागलंय का पोरीला!

त्रिवेणीनं हापिसात येऊन आपलाच प्रोग्राम काढला. मशीन आधी मिनिटं वाचायचं, मग कार्ड आत ओढायला जायचं, मग येऊन तास वाचायचं. आता नवाला एक सेकंद कमी असताना कार्ड घातलं तर? मिनिटं वाचली एकोणसाठ, ती आठच्या तासातली. कार्ड ओढेपर्यंत नऊ वाजले. तास वाचला नऊ. झाली की नऊ एकोणसाठ!

"सर, दोनदा वाचायला पाहिजे," ती म्हणाली. "दोन्ही वेळा जुळल्या तरच छापायचं. नाही जुळल्या तर परत वाचायचं. पाचदा जुळलं नाही तर छापायचंच नाही, लाल दिवा लावायचा."

"लाल दिवा?" मुकुंदराव तडकले. "बाजारात जपानी मशीनं यायलेत, आणि आपलं म्हणणार मला टाइम कळंना? गिऱ्हाईक हसंल!"

"हसू द्या. पण ती बाई घरी बसंल त्याचं काय?"

"आणि कारखान्याला काय लिहू, चूक आमची?"

जुन्याच प्रोग्रामच्या मशीनचं घड्याळ त्रिवेणीनं आठ एकोणसाठवर नेलं आणि मुकुंदरावांच्या हातात कोरं कार्ड दिलं. "एकोणसाठ सेकंद दिसले की घाला."

पहिल्यांदा नऊ. घड्याळ परत मागं नेलं, दुसऱ्यांदाही नऊ. मुकुंदराव मिशीत हसले. तिसऱ्यांदा कार्ड बाहेर आलं, ते चष्मा पुसून त्यांनी परत वाचलं.

"आयला! मी पण लेट?"

त्याच दुपारी त्यांनी कारखान्याला चिठ्ठी लिहिली, तीन वेळा फाडून चौथ्यांदा. गंगूचे उशिराचे दोन्ही शेरे खोडले गेले, मशीनचा प्रोग्राम बदलला. गंगूची सवय मात्र बदलली नाही. नवाला कार्ड घालायची आणि म्हणायची, "हे येडं आता दोनदा बघतंय घड्याळाकडं."

आता माझं एक काम करा. तुमच्या हापिसात हजेरीचं जुनं मशीन असंल, तर उद्या नवाला एक सेकंद कमी असताना त्यात कार्ड घाला, आणि काय छापलं ते मला येऊन सांगा.