पहिल्या सोमवारचा भोंगा

कचेरीत वर बसलेल्यांनो, तुम्ही खोटं बोललात. दरवाजा वेळेवर बंद झाला, असं तुम्ही छापून आणलंत. कुणाच्या वेळेवर? समुद्राच्या की जहाजाच्या? तो दरवाजा मी आहे आणि मला कुणी काही विचारलं नाही. म्हणून न विचारताच बोलतो.

मित्रांनो, मी एक जुना पोलादी दरवाजा आहे. हॉलंडच्या उत्तरेला आमची नदी समुद्राला मिळते, तिथे मी नदीच्या तळाशी आडवा पडलेला असतो. जहाजं माझ्या पाठीवरून ये-जा करतात. वादळ समुद्राचं पाणी नदीत ढकलू लागलं की यंत्रं मला वळवून उभं करतात. मग समुद्र माझ्या छातीवर अडतो आणि मागची गावं कोरडी राहतात. वादळ सरलं की मी पुन्हा आडवा.

मला जहाजांच्या कारखान्यात घडवलं. तराफ्यावरून ओढत इथे आणलं तेव्हा काठावर बँड वाजत होता. दर हिवाळ्याआधी माझी चाचणी होई. मिडलवर्ड शहरातली माणसं घडीच्या खुर्च्या आणि वाटाण्याच्या घट्ट सुपाचे डबे घेऊन बांधावर यायची. मी चिखल गाळत वर आलो की टाळ्या पडायच्या. पुढे खुर्च्या कमी झाल्या. अंगावर शिंपले चढले, रंगाचे पापुद्रे सुटले. त्याचं मला फारसं वाटलं नाही. दरवाजाला रोज कोण ओवाळणार?

पण टाळ्या वाजवणाऱ्या एकानेही विचारलं नाही, की मी अडवलेलं पाणी जातं कुठे?

ते जातं खालच्या धक्क्यावर. माझ्या समुद्राकडच्या बाजूला, बांधाच्या बाहेर, कोळ्यांची जुनी घरं आहेत. मी उभा राहिलो की माझ्यासमोर पाणी तुंबतं आणि त्या घरांत शिरतं. ते लोक हे जाणून होते. तुम्ही, कचेरीतल्यांनी, त्यांना एकच वचन दिलं होतं. मला उभं करण्याआधी तीन तास भोंगा वाजेल. भोंगा झाला की माणसं दारांच्या खाचांत फळ्या बसवायची आणि बांधावर चढायची.

तिथे वोबिना राहायची. बामाशांना धुरी देऊन विकायची. तिचा नवरा एव्हर्ट जुना तांडेल, पण अर्धांगवायूने खुर्चीला खिळलेला. भोंगा वाजला की शेजारचा युर्येन आणि त्याचा भाऊ त्याला खुर्चीसकट उचलून बांधाच्या पायऱ्या चढायचे. एव्हर्ट वरून म्हणायचा, "मला उचलायला दोघं लागतात. समुद्राला एकही लागणार नाही." सगळे हसायचे. तीन तास हाताशी असले की हसता येतं.

त्या दिवशी सकाळपासून वारा वायव्येचा होता. वोबिनाने माझ्या यंत्रघरात फोन केला. तिथल्या सीर्टने सांगितलं, काकू, बंद करायचं अजून ठरलेलं नाही. ठरलं की पहिला मीच ओरडेन. त्याने वर विचारलं होतं. वर म्हणजे तुम्हाला. तुम्ही म्हणालात, थांबा.

कारण आत नदीत एक जड मालजहाज उभं होतं. त्याचा तळ इतका खोल, की नेहमीच्या भरतीत ते माझ्या पाठीला घासलं असतं. त्याला चढलेलं पाणी हवं होतं. ते चढवायला वादळ आयतं आलं होतं. "अजून थोडं चढू द्या," तुम्ही म्हणालात. मित्रांनो, जे पाणी अडवायला मी जन्मलो, त्याच पाण्याची वाट बघत मला निजवून ठेवलं.

जहाज माझ्यावरून सरकलं तेव्हा दुपारचे बारा वाजत होते. तीन तास आधी भोंगा द्यायची वेळ केव्हाच टळली होती. तुम्ही भोंगा वाजवलात आणि त्याच दमात मला उठवलंत.

तो महिन्याचा पहिला सोमवार होता.

आमच्या देशात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, बरोबर बारा वाजता, गावोगावचे भोंगे वाजवून तपासतात. तान्हं पोरसुद्धा झोपेतून उठत नाही. इथे खिडक्यांचे पडदे ओढायची रीत नाही, म्हणून वोबिनाची खोली मला दिसत होती. कॉफी नुकतीच ओतली होती. वोबिना भोंगा ऐकून उठली. तिच्याकडे आलेला युर्येन हसला.

"बसा हो काकू. सोमवार बोंबलतोय."

एव्हर्ट म्हणाला, "आज जरा जास्तच बोंबलतोय."

"जहाजावरून उतरवलं तुम्हाला, पण कान तिथेच राहिले की, काका," युर्येन म्हणाला. वोबिना बसली. कॉफी संपवून युर्येन जाळी बघायला बांधापलीकडे गेला.

मी उभा राहत होतो. मला थांबता येत नाही. माझ्यासमोर पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढलं, रस्ता ओलांडून दाराशी गेलं. खाचांत फळ्या नव्हत्या. वोबिनाने खुर्ची ओढून पाहिली, हलली नाही. मग पाण्यात उभी राहून तिने एव्हर्टची हनुवटी दोन्ही हातांनी वर धरली. तो तिला जा म्हणत असावा, ती मान हलवत होती. युर्येन छातीभर पाण्यातून परत आला आणि तिला खिडकीतून बाहेर ओढलं. तिची बोटं सोडवायला त्याला वेळ लागला.

त्याच वेळी माझ्या मागे मिडलवर्डमध्ये दुकानं उघडी होती. लोक पाव घेत होते.

पुढे वोबिना तुमच्याकडे आली. तुम्ही तिला कॉफी दिलीत, सोबत एक बिस्कीट. भोंगा नियमाप्रमाणे वाजला, म्हणालात. शहर वाचलं, म्हणालात. सीर्टची बदली केलीत. ती म्हणाली, "शहर वाचलं ते मी बघितलंय. मी माझ्या माणसाचं विचारतेय." त्यावर तुम्ही घड्याळ बघितलंत.

मित्रांनो, माझा गंज खरवडा, मला रंग द्या, असं सांगायला मी आलो नाही. दरवाजाच्या बाहेरही माणसं राहतात, त्यांना जपा. टाळी वाजवण्याआधी मान वळवून त्या बाजूला बघा. एवढंच मागतो.

आणि तुम्ही, वर बसलेले. तुमच्याकडे मागणं नाही, सवाल आहे. ते जहाज आत थांबलं असतं, वादळ सरल्यावर पुढच्या मोठ्या भरतीला गेलं असतं, तर कोण मेलं असतं? नाव सांगा.