पट्ट्यावरची कोरी ओळ

चोर सोडून संन्याशाला फाशी देणारी माणसं जगात कमी नाहीत, पण इतक्या घाईने देणारी त्या दवाखान्याच्या कचेरीतच बघावीत. बुधवारी सकाळी मोठ्या साहेबांनी नोंदणीच्या काकूंना बोलावून सांगितलं, की येत्या सोमवारपासून तुम्ही तळघरात, जुन्या फायलींपाशी. चोवीस वर्षं खिडकीत बसून आल्या-गेल्याची नोंद करणाऱ्या बाईला हे बक्षीस.

झालं होतं असं. पेशंटच्या मनगटाला जो पट्टा बांधतात, त्यावर नावाखाली त्याला काय चालत नाही ते छापलेलं असतं. दोन दिवसांत नऊ पट्ट्यांवर ती ओळ कोरी आली. एका बाईंना पेनिसिलिन टोचायला सिस्टर सुई घेऊन उभ्याच होत्या. नशीब, बाईंच्या मुलीने हात धरला. प्रोग्राम लिहिणारा तरुण म्हणाला, "प्रोग्राम ठीक आहे. काकूंनी भरलंच नसणार. वयोमानाने होतं असं."

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्या भांडल्या नाहीत. नऊ कोरे पट्टे आणि बरोबर छापलेले दोन, अशा अकरा जणांच्या नोंदी त्यांनी पडद्यावर काढल्या आणि एकेक वाचत बसल्या.

फॉर्मला रकाने तीन: औषध, खाणं, इतर; तेच स्वल्पविरामाने जोडून पट्ट्यावरची ती ओळ होते. बरोबर आलेल्या दोघांचे तिन्ही भरलेले. कोऱ्या नऊ जणांचा एक तरी रिकामा. आता रिकामा रकाना काकूंनी जन्मात सोडला नव्हता. वह्यांच्या काळापासून सवय, काही नसलं की आडवी रेघ मारायची, म्हणजे मागाहून कुणी काही घुसडायला नको. गेल्या शुक्रवारी याच तरुणाने निरोप धाडला होता, की रेघा बंद करा, पट्ट्यावर वाईट दिसतात. त्यांनी या सोमवारपासून मुकाट बंद केल्या होत्या.

घरी गेल्या गेल्या त्यांनी सुनेला गाठलं. ती दुसऱ्या कंपनीत असलेच प्रोग्राम लिहायची.

"तीन शब्द स्वल्पविराम घालून जोडायचे, तर एक नसला म्हणून बाकीचे दोन कुठे पळतात गं?"

"कसे जोडलेत त्यावर आहे, आई. नुसते एकापुढे एक चिकटवले, तर रिकामा रकाना म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी 'माहीत नाही'. आणि ज्यात 'माहीत नाही' मिसळलं, ते सगळंच माहीत नाही. दुधात लिंबू पडावं तसं."

"मग करायचं काय?"

"जोडायची दुसरी आज्ञा असते. तिला आधी मधलं चिन्ह सांगायचं, मग शब्द द्यायचे. रिकामे ती वगळते आणि उरलेल्यांच्या मधेच स्वल्पविराम घालते."

काकूंनी ती आज्ञा कागदावर लिहून घेतली आणि परीक्षेला बसल्यासारखी पाठ केली.

गुरुवारी साहेब, मेट्रन आणि तो तरुण यांच्यासमोर त्यांनी एक खोटा पेशंट भरला. औषधात पेनिसिलिन, बाकी दोन रकाने रिकामे. पट्टा कोरा आला. मग रिकाम्या रकान्यांत रेघा मारल्या, आणि पेनिसिलिन पट्ट्यावर हजर. तरुणाचा चेहरा खर्रकन उतरला.

"म्हणजे रेघा परत सुरू करू," साहेब घाईने म्हणाले.

"नको. उद्या मी रजेवर गेले आणि बदलीवरची मुलगी रेघ विसरली, तर? कुणाचा जीव असा आठवणीवर टांगून ठेवायचा नाही." काकू तरुणाकडे वळल्या. "बाळा, मी सांगते तसं लिही."

त्या सांगत गेल्या, तो निमूट लिहीत गेला. खोट्या पेशंटच्या रेघा पुसून पट्टा छापला: पेनिसिलिन, बस्स. मग त्या नऊ जणांचे खरे पट्टे एकामागून एक बाहेर पडू लागले. मेट्रन मोठ्याने वाचत होत्या: "पेनिसिलिन, चिकटपट्टी. अंडी. सल्फा, अंडी." नऊच्या नऊ बरोबर, शेवटी एक स्वल्पविरामसुद्धा लोंबकळत नव्हता. काकूंनी ते टेबलावर ओळीने मांडले.

"तळघराचं राहू द्या मग," साहेब पुटपुटले.

"नुसतं राहू द्या नको, साहेब. लेखी द्या. आणि खाली हेही लिहा, की यापुढे फॉर्मचा एकही रकाना मला विचारल्याशिवाय बदलायचा नाही."

साहेबांनी मेट्रनकडे पाहिलं. मेट्रननी आपलं पेन त्यांच्यापुढे सरकवलं. साहेबांनी लिहिलं, खाली सही केली.

दुपारी तरुण खिडकीपाशी येऊन उभा राहिला. "काकू, चुकलो मी. असेच चिकटवलेले आणखी चार फॉर्म आहेत माझे. बघाल?"

"बघते की," काकू म्हणाल्या. "ती खुर्ची ओढ आणि बस इथे."