मुक्या नावाड्याची गाठ

छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासून थोरली बहीण निवृत्त झाली आणि तिसऱ्याच महिन्यात तिच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढावा लागला. डॉक्टरांनी बजावलं, "बारीक अक्षर काही दिवस बंद." हे म्हणजे तिचं अन्नपाणी तोडण्यासारखंच होतं. चार दिवस ती खिडकीत बसून समोरच्या दुकानांच्या पाट्यांमधल्या चुका मोठ्यानं वाचत राहिली. पाचव्या दिवशी धाकटी बहीण वैतागून शिलाई मशीनवरून उठली आणि तिच्या हातात टॅब्लेट ठेवून म्हणाली, "हे घे. हवं तेवढं मोठं करून बघ. चित्रंच जास्त आहेत, तुला चुका काढायला फारसं मिळणार नाही."

धाकटी घरीच कपडे दुरुस्त करून द्यायची. कुणाची कंबर सैल करायची, कुणाची बाही आखूड करायची, कुणाची चेन बदलायची. हात चालू असताना ती दोन वर्षं 'नऊ पुलांचं राज्य' नावाचं वेबकॉमिक वाचत होती. दर शनिवारी दुपारी त्याचा नवा भाग यायचा. त्यात एक सांजराणी होती. तिच्या राज्यातल्या प्रत्येक पुलाखालून एकेक जुना शाप वाहत होता. शिंक्या नावाचा ड्रॅगन होता. त्याला बारमाही सर्दी, त्यामुळे आग कधी आणि कुठल्या दिशेला निघेल याचा नेम नाही. राजा लढाईत हरवला होता. राणीची धाकटी बहीण लहानपणीच नदीत वाहून गेली होती. आणि एक मुका नावाडी होता. तोंडाभोवती कायम फडकं गुंडाळलेला, डोक्यावर टोप. राणी संकटात सापडली की तो कुठूनतरी यायचा, तिला पलीकडे सोडायचा आणि निघून जायचा.

थोरलीनं दोनशे अकरा भाग नऊ दिवसांत संपवले. दहाव्या दिवशी 'पूर्णविराम' असं नाव घेऊन तिनं पहिली कॉमेंट लिहिली. सुरुवात 'आदरणीय चित्रकर्तीस स.न.वि.वि.' अशी होती आणि खाली चौदा चुकांची यादी. "भाग तीन, 'पूल' मधला ऊकार दीर्घ हवा. भाग एकोणीस, 'महत्त्व' या शब्दात दोन त असतात, राणीनं एकावर भागवलं आहे."

तासाभरात उत्तरं आली. एकानं लिहिलं, "आजी, शाळा सुटली!" दुसऱ्यानं, "तिकडे राज्य जळतंय आणि तुम्ही ऊकार मोजताय?" बाकीच्यांनी नुसतेच हसरे चेहरे पाठवले.

शेवटी 'शिट्टी' आला. हा एका शाळेतला खेळाचा शिक्षक. कॉमेंटवर देखरेख ठेवायचं काम चित्रकर्तीनं त्याच्याकडे सोपवलं होतं. त्यानं लिहिलं, "ताई, स्वागत आहे. नियम सगळ्यात वर लावलेत, एकदा नजर टाका. चुकांसाठी आपला 'चुकांचा कोपरा' वेगळा आहे, तिथे तुमची फार गरज आहे. आणि मंडळी, पात्राला खुशाल शिव्या घाला, वाचकाला नको. पहिली शिट्टी वाजलीय."

थोरलीला राग आला नाही. नियम ही तिची आवडती गोष्ट होती. तिनं ते सगळे कागदावर उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी धाकटीला वाचून दाखवले.

"'पुढचा भाग कधी, असं विचारू नये, चित्रकर्तीला हात दोनच आहेत.' हे छान आहे हं. 'अंदाज लिहायचा तर आधी पडदा ओढावा.' हे काय असतं गं?"

"मजकूर झाकून ठेवायचा, ताई. ज्याला वाचायचाय तो बोट लावून उघडेल. ज्याला नकोय तो पुढे जाईल."

"सभ्य पद्धत आहे. पण सातव्या नियमात 'परवानगि' लिहिलंय, गी दीर्घ हवी."

"ते कोपऱ्यात जाऊन लिही," धाकटी म्हणाली आणि तिनं मशीन सुरू केलं.

दोन महिन्यांत 'पूर्णविराम' सगळ्यांची पूर्णविरामताई झाली. तिच्या कॉमेंट लांबलचक असत, पण एकही शब्द उगाच नसे. सांजराणी गर्विष्ठ आहे की नुसती घाबरलेली आहे, यावर तिनं लिहिलेलं वाचून एका मुलीनं कळवलं, "मला माझी वरिष्ठ आठवली. उद्यापासून तिच्याशी नीट बोलणार आहे." थोरलीनं ते तीनदा वाचलं.

सगळ्यात मोठा वाद मात्र नावाड्यावरून चालायचा. तो आहे तरी कोण? दहातले नऊ वाचक म्हणायचे, हरवलेला राजा. त्या गटाचा पुढारी होता 'वादळ'. तो एका गोदामात माल उतरवण्याच्या कामावर होता आणि जेवणाच्या सुट्टीत भराभर कॉमेंट टाकायचा. धाकटी 'सुईदोरा' या नावानं त्याच्याच बाजूनं लढायची. "राजाच आहे," ती दातात टाचणी धरून सांगायची. "खांदे बघ ना त्याचे. मापं घेण्यात माझी हयात गेली."

थोरली कुठल्याच बाजूला नव्हती. एका मंगळवारी सकाळी चुकांच्या कोपऱ्यासाठी जुने भाग चाळताना तिला एक चूक सापडली. नावाडी नाव खुंटाला बांधतो ती गाठ उलटी होती. दोराचं टोक डावीकडे निघत होतं, बाकी सगळ्यांच्या गाठी उजवीकडे. तिनं नोंद केली. पुढच्या भागात पुन्हा उलटी. त्याच्या पुढच्या वेळीही. एकवीस वेळा नावाडी नाव बांधतो आणि एकवीस वेळा टोक डावीकडे. थोरली खुर्चीत सरळ बसली. चौतीस वर्षांच्या नोकरीत ती एक गोष्ट पक्की शिकली होती. चूक एकदा होते, दोनदा होते. एकवीस वेळा तशीच झाली तर ती चूक नसते, ती कुणीतरी ठरवून केलेली असते.

ती पार मागे, अकराव्या भागापर्यंत गेली. तिथे कोपऱ्यातल्या एका छोट्या चित्रात सहा वर्षांची राजकन्या आपल्या मोठ्या बहिणीच्या चपलेचा बंद बांधत होती. टोक डावीकडे.

तिनं नियमाप्रमाणे आधी पडदा ओढला, वर 'अंदाज' असं लिहिलं आणि सगळं मुद्देसूद मांडलं: नावाडी हा राजा नाही. ती राणीची बुडालेली धाकटी बहीण आहे. अकरा वाजता कॉमेंट गेली. एक वाजता पाहिलं तर कॉमेंट गायब.

तिला फार लागलं. चौदा चुका काढल्या तेव्हा शिट्टी वाजली ते ठीक होतं. पण या वेळी तिनं एकही नियम मोडला नव्हता. तिनं शिट्टीला खासगी निरोप लिहिला, "माझी कॉमेंट कोणत्या नियमाखाली काढली, ते कृपया कळवावे."

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "ताई, माफ करा. कारण सांगता येत नाही. मला वरून सांगणं आलं, मी काढली. मलाही कारण माहीत नाही. रागावू नका."

थोरली निरोपाकडे बघत राहिली. वरून, म्हणजे चित्रकर्तीकडून. चुकीचा अंदाज कुणी कशाला काढेल? राजाचे शेकडो अंदाज तर तसेच पडून आहेत. तिनं लिहिलं, "कळलं. रागावले नाही."

पण दुसऱ्या दिवशी भलतंच झालं. वादळनं जेवणाच्या सुट्टीत जाहीर विचारलं, "पूर्णविरामताईंची कॉमेंट का उडाली? त्या तर नियमाबाहेर पाऊलही टाकत नाहीत. मी उघडायच्या आधीच गेली. त्यात काही खरं होतं की काय?" खाली पन्नास जण जमले. ज्या थोड्यांनी पडदा उघडून वाचलं होतं ते आठवून आठवून सांगू लागले. कुणी म्हणालं, गाठीबद्दल काहीतरी होतं.

शिट्टीचा निरोप आला, "ताई, माझा हात दगडाखाली सापडलाय. झाकायला गेलो आणि उलट सगळ्यांना बोट करून दाखवलं. चित्रकर्तीनं चार वर्षं हे जपलंय. ती रडकुंडीला आलीय."

थोरलीनं क्षणभर विचार केला. "कॉमेंट परत ठेवा," तिनं लिहिलं. "वर लिहा की तुमच्या चुकीमुळे उडाली होती."

"खोटं कसं लिहू?"

"खोटं काय त्यात? चूक तुमचीच नव्हती का?"

पलीकडून हसरा चेहरा आला.

"बाकीचं माझ्यावर सोडा," तिनं लिहिलं.

कॉमेंट परत आली. आणि त्याच्या पाठोपाठ पूर्णविरामताईंच्या आणखी बारा आल्या, प्रत्येक पडद्याआड, प्रत्येक तितकीच मुद्देसूद. नावाडी म्हणजे प्रत्यक्षात दहावा पूल आहे. नावाडी म्हणजे राणीची सावली, उकाड्यामुळे वेगळी राहते. नावाडी म्हणजे शिंक्याची मावशी. फडकं गुंडाळते कारण सर्दी घराण्यातच आहे.

लोकांना ऊत आला. जो तो आपापला अंदाज घेऊन धावला. शिट्टीनं संधी साधून 'अचाट अंदाजांचा आठवडा' जाहीर केला आणि मतदान ठेवलं. शिंक्याची मावशी पहिली आली. बुडालेली बहीण नववी.

"ताई, गाठीवरून माणूस ओळखायचा?" वादळनं खाली लिहिलं. "मग माझ्या बुटाच्या नाड्या बघा, मीच राजा निघेन!"

थोरलीनं दात-ओठ खाल्ले. धडधडीत चूक समोर दिसत असताना ती तशीच सोडायची वेळ तिच्यावर जन्मात आली नव्हती. तिनं लिहिलं, "खरं आहे तुमचं." आणि पुढे पूर्णविराम दिला.

इकडे मशीनवरून धाकटी ओरडली, "ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? मावशी?"

"सर्दीचा पुरावा आहे," थोरली गंभीरपणे म्हणाली.

पुढचे सात महिने सोपे गेले नाहीत. धाकटीपासून तिनं आजवर काही लपवलं नव्हतं. पण धाकटीच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, हेही तिला ठाऊक होतं. शनिवार आला, नावाडी दिसला, की धाकटी शिवण बाजूला ठेवून विचारायची, "खरं सांग, तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय?"

"तू सगळ्यावर बोलतेस आणि नेमकी यावरच मिठाची गुळणी धरतेस."

"चहा टाकू का?" थोरली म्हणायची. त्या सात महिन्यांत घरात चहा फार झाला.

मग एका शनिवारी तो भाग आला. नवव्या पुलावर राणीच्या चपलेचा बंद तुटला. नावाडी खाली वाकला, त्यानं बंद बांधला, आणि राणी त्या गाठीकडे बघतच राहिली. तिनं हात पुढे करून फडकं सोडलं. त्या चित्रात एकही शब्द नव्हता.

धाकटीनं टॅब्लेट मांडीवर ठेवला आणि कुणाच्या तरी पँटच्या पायाला डोळे पुसले. "बहीण आहे गं," ती म्हणाली. "मी मेली राजा राजा करत बसले. ती जवळच होती तिच्या." थोरलीचेही डोळे भरून आले. माहीत असूनही.

तेवढ्यात धाकटीनं खाली सरकवलं. भागाच्या शेवटी चित्रकर्तीनं दोन ओळी लिहिल्या होत्या: 'एका वाचकानं हे सात महिन्यांपूर्वीच ओळखलं आणि तुमची मजा जाऊ नये म्हणून स्वतःचं हसं करून घेतलं. त्यांना माझा नमस्कार.'

धाकटीनं हळूहळू मान वर केली. "गाठ," ती म्हणाली. "तू म्हणाली होतीस, गाठ. मावशीच्या आधी."

"हो."

"तुला माहीत होतं!"

"चहा..."

"चहाचं नाव काढू नकोस!"

दोन दिवस धाकटी बोलली नाही. म्हणजे तोंडानं बोलली नाही. शेजारच्या खोलीत बसून सुईदोरा लिहीत होती, "काही लोक परक्यांचा मान राखतात आणि घरच्यांना सात महिने उल्लू बनवतात." पूर्णविरामनं भिंतीच्या अलीकडून उत्तर दिलं, "काही लोकांना सांगितलं असतं तर गुपिताला पाय फुटले असते." वादळ मध्ये पडला, "ताई, मला माफ करा, बुटाच्या नाड्यांचं मागे घेतो. पण तुम्ही दोघी एकमेकींना ओळखता का?" शेवटी शिट्टीला यावं लागलं. "घरगुती भांडणं कॉमेंटमध्ये नकोत. दोघींनी कृपया एका खोलीत बसावं."

भिंतीपलीकडून हसू फुटलेलं ऐकू आलं. मग धाकटी दारात उभी राहिली, गळ्यात मापाची टेप तशीच.

"मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं?"

"वादळला त्याच दिवशी कळवलं असतंस."

धाकटीनं प्रामाणिकपणे विचार केला. "त्याच तासाला," ती म्हणाली आणि येऊन शेजारी बसली. "अवघड गेलं का गं?"

"फार. सगळे भांडायचे, अडखळायचे, चुकायचे, आणि मला मधे पडता येईना. वाचण्यातली मजाच गेली होती."

पुढच्या शनिवारी दोघींनी एकाच टॅब्लेटवर नवा भाग उघडला. बहिणी भेटल्या होत्या, पण धाकट्या राजकन्येच्या हातात एक पत्र होतं आणि ती ते राणीला दाखवत नव्हती. शिंक्या ते पत्र बघून पहिल्यांदाच शिंकला नाही. तिथेच भाग संपला.

"काय असेल त्यात?" धाकटीनं विचारलं. "आणि या वेळी खरं सांग हं."

थोरलीनं चित्र मोठं केलं, लहान केलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मला काहीही कळलेलं नाही," ती म्हणाली. ते सांगताना तिचा चेहरा असा खुलला होता की धाकटी बघतच राहिली. "कणभरसुद्धा नाही! तू सांग, तुला काय वाटतं?"

"राजाचं आहे," धाकटी तत्काळ म्हणाली. "नक्की राजाचं. हस्ताक्षर बघ ना."

"पत्राची पाठ दिसतेय फक्त!"

"मग काय झालं?"

"पडदा ओढ आधी," थोरली म्हणाली, "आणि लिही."