तीनशे सातच्या दाराची साखळी

मी सोन्याची नाही, चांदीची नाही आणि कोणाच्या गळ्यातली तर मुळीच नाही. मित्रांनो, मी दाराला आतून लावायची एक जुनी लोखंडी साखळी आहे.

माझा जन्मच मारझोडीत झाला. कारखान्यात मला तापवले, कापले, वाकवले, ठोकले. मग स्टेशनसमोरच्या एका हॉटेलात, खोली क्रमांक तीनशे सातच्या दारावर मला नेमले. तिथे कामधंद्यासाठी आलेले लोक एखादा दिवस उतरत. खोलीत एक पलंग, एक टेबल, एक इस्त्री आणि खिडकीतून दिसणारा फलाट. पाहुणे शर्टाला इस्त्री करत, घड्याळ बघत आणि निघून जात. मला कोणी हातही लावत नसे. याचा मला फार राग येई.

एकदा खोली चुकलेल्या एका दारुड्याने दाराला लाथा घातल्या. माझे चारही स्क्रू सैल झाले. मिस्त्री आला. खरे तर लांब स्क्रू लावायला हवे होते, पण या गृहस्थाने भोकांत काडेपेटीच्या काड्या कोंबल्या आणि तेच आखूड स्क्रू पुन्हा पिळले.

खोल्या आवरणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अहो मिस्त्री, हे टिकणार आहे का?"

"शोभेची आहे ती, मावशी. कोण लावतंय तिला?"

मग एका दुपारी एक बाई आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. बाईचा एक डोळा सुजून काळानिळा झाला होता. नवऱ्याचे घर सोडून ती भावाकडे निघाली होती. गाडी चारची होती. आत येताच तिने मला लावले आणि दोनदा ओढून पाहिले. मला धन्य वाटले आणि भीतीही वाटली, कारण माझ्यामागच्या काड्या फक्त मला माहीत होत्या.

अडीच वाजता तिचा नवरा खाली काउंटरवर आला. त्याने मोबाइलमधला लग्नाचा फोटो दाखवला आणि कारकुनाने हसत त्याला दुसरी किल्ली दिली. नवरा-बायकोच्या मध्ये आपण कशाला पडा, असे त्याला वाटले म्हणे. वर फोन करून विचारायला अर्धे मिनिट लागले असते.

कुलूप फिरले. दार चार बोटे उघडले आणि मी ताणली गेले.

"साखळी काढ," तो हळूच म्हणाला. मग त्याने खांद्याने धडक दिली. पहिला स्क्रू उडाला. दुसरा उडाला. मुलगी टेबलाखाली शिरली. आई दार लोटायला धावली, तर त्याने फटीतून हात घालून तिचे केस धरले आणि डोके चौकटीवर आपटले. एकदा, दोनदा. माझ्या कड्यांवर तिचे रक्त उडाले. तिसरा स्क्रूही गेला.

तिने चाचपडत दारालगतच्या टेबलावरची इस्त्री उचलली आणि त्याच्या बोटांवर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो गुरासारखा ओरडला आणि लाथा घालू लागला. तेवढ्यात मावशींनी चादरींनी भरलेली ढकलगाडी पळवत आणून मागून त्याच्या गुडघ्यांवर घातली. तो पालथा पडला. मावशी त्याच्या पाठीवर बसल्या आणि पोलीस येईपर्यंत उठल्या नाहीत.

चारची गाडी चुकली, सहाची मिळणार होती. मुलीने विचारले, "मावशी, मामाच्या दाराला अशी साखळी असेल?"

मावशींनी मला एक हिसका दिला. मी सहज निघून आले आणि भोकातून मोडकी काडी खाली पडली. तिघीही त्या काडीकडे बघत राहिल्या.

"ही घेऊन जा," मावशी म्हणाल्या. "पण मामाला सांग, स्क्रू लांब लाव."

आता मी मामाच्या दारावर आहे, चार लांब स्क्रूंवर. मुलगी रोज स्टुलावर चढून मला दोनदा ओढून बघते. मित्रांनो, तुमच्या दाराची साखळीही अशीच ओढून बघा. आणि कोणी कितीही गोड बोलून किल्ली मागितली, तरी आधी आतल्या माणसाला विचारा.

काल मात्र ती मला ओढायचे विसरली आणि दार सताड उघडे टाकून खेळायला पळाली. मी दिवसभर नुसतीच लोंबकळत होते. मला जराही राग आला नाही.